अप्पलराजू इंदुरात

अकरा वेळा गेलो आम्ही विशाखापट्टणमला,
अकराही वेळा गाडी अप्पलराजूची.
मागच्या काचेवर सिंहाचलमचा नरसिंह,
एसीचा नुसता आवाज.

ह्यांना समुद्र लांबूनच आवडे.
मी पाण्यात शिरले की हे कठड्यापाशी
सगळ्यांच्या चपला दोन्ही हातांत धरून उभे,
देवळाबाहेरच्या माणसासारखे.
"झाला ना बघून? उद्या कुठे?"
म्हणून मग रोज सकाळी कुठेतरी.
बोर्रा गुहांत चुन्याचे लोंबते दात.
अरकूची कॉफी, ह्यांच्या मते तिच्यापेक्षा आपला चहा बरा.
भीमिलीला डचांच्या कबरी, त्यांवर शेळ्या.
आणि किनाऱ्यावर आणून ठेवलेली ती पाणबुडी,
जिच्यात हे बिनघोर शिरले,
कारण ती आता कुठेच जाणार नव्हती.

कुठेही निघालो की अप्पलराजू म्हणे,
"फाइव्ह मिनिट, मॅडम."
आणि पाऊण तासानं आम्ही
त्याच्या मेव्हण्याच्या काजूच्या दुकानात.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली.
परवा पौषात फोन आला, तोच आवाज:
हारिका सिमरोलला आहे, आयआयटीत.
भेटायला आलोय. एक दिवस मोकळा.
"मॅडम, साइटसीइंग?"

चौतीस वर्षं मी इथं भूगोल शिकवला,
फळ्यावर नर्मदा काढली निळ्या खडूनं,
पण पाहुण्याला काय दाखवायचं
हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता.

भाड्याची गाडी केली. मी पुढे बसले,
तो मागे, पाय नकळत ब्रेक शोधत.
शेजारी हारिका, कानात बोंडं घालून.
छप्पन दुकानला पोहे, वर जिरावण;
जिलबी त्यानं पोह्यांआधीच संपवली,
मी काही बोलले नाही.
राजवाड्याचे सात मजले त्यानं मोजून घेतले.
काचमंदिरात शेकडो अप्पलराजू,
फोटोत एकही धड आला नाही.
मग माझ्या वहिनीच्या साड्यांच्या दुकानात
पाऊण तास.
पायरी उतरताना तो हसला. त्याला कळलं होतं.

महूच्या पुढे पाताळपाणी.
पौषात तिथे पाताळ असतं, पाणी नसतं.
कठड्यावर ओणवून तो बराच वेळ
खालचे कोरडे धोंडे बघत राहिला.
"वॉटर किधर, मॅडम?"
मी त्याला कर्कवृत्त सांगितलं:
ते उज्जैनच्याही वरून जातं, बाबा,
म्हणजे तुझं गाव नि माझं गाव
उष्ण कटिबंधात शेजारी-शेजारी.
त्यानं मान हलवली. पाणी नव्हतं ते नव्हतंच.

"फाइव्ह मिनिट," मी म्हटलं.

मांडव बाजूला पडलं, ऊन कललं,
हारिका खिडकीला डोकं टेकून झोपली,
ड्रायव्हर दोनदा म्हणाला, माँजी, लौटते रात हो जाएगी.
बागच्या अलीकडे एका कपाशीच्या बांधाला
मी गाडी थांबवली.
वीस वर्षांमागे शाळेची सहल आणली होती इथे.
धोंडा तिथेच होता, अजून कुणी उचलला नव्हता,
आडवा, म्हशीएवढा,
आणि त्याच्या पाठीवर दाटीवाटीनं शिंपले,
दगडाचे.
"नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता इथे," मी म्हटलं.
"ओहोटी लागलीय. जरा लांबली."

त्यानं एका शिंपल्यावरून बोट फिरवलं,
बोट जिभेला लावलं.
"सॉल्ट नहीं," म्हणाला,
कोळ्याचा मुलगा, तक्रार केल्यासारखा नाही.
मग पॅन्ट दोन घड्या वर दुमडली,
चपला काढल्या,
आणि धोंड्यावर चढून पश्चिमेकडे तोंड करून
उभा राहिला.

गुडघा दुखत होता, तरी मी वाकले.
चपला उचलल्या, डावी डाव्या हातात, उजवी उजव्या,
आणि बांधावर उभी राहिले.
ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता.
त्याला म्हटलं,
फाइव्ह मिनिट.